चेसिसचा हूक

प्रणयने जीपला चकचकीत बंपर बसवून घेतला, तेव्हा मुकुंदवाडीचे मिस्त्री नूरमोहम्मद यांनी न विचारताच खाली चेसिसला एक ओबडधोबड हूक वेल्ड केला.

"चाचा, लई भंगार दिसतंय हे."

"दिसू दे बेटा. बंपर फोटोपुरता हाय, गाडी खेचायला हेच लागतं."

रविवारी फोटो काढायला नेलेली जीप बिडकीनजवळच्या ओढ्यात रुतली. प्रणय उतरून जवळच्या शेतातल्या ट्रॅक्टरवाल्याला घेऊन आला. स्टिअरिंगवर त्याची बायको मेघा होती. पाणी चढलं, दार उघडेना. ट्रॅक्टरवाल्याने दोर बंपरला बांधला. पहिल्याच झटक्यात बंपर निखळून वाहून गेला. प्रणयने बुडी मारली, हूक चाचपून दोर अडकवला. जीप हळूहळू काठावर आली.

मेघा भिजलेली, पण धडधाकट उतरली. "आता काढायचा का फोटो?"

"हुकाचा काढ," प्रणय हसला. "चाचांना पाठवू."