लेकाच्या घरी पाहुणी

नेकनूरच्या मालनबाईंचा नवनाथ कॅनडात स्थायिक झाला होता. आईवडिलांना कायमचं तिकडं नेता यावं म्हणून त्यानं सरकारकडं नाव घातलं. त्याच्या बायकोनं, रूपालीनं, आपल्या आईसाठी वेगळं घातलं. तिथं दरवर्षी थोड्याच आईबापांना घेतात आणि कुणाला घ्यायचं ते सोडत काढून ठरवतात. नाव निघालं रूपालीचं.

म्हणजे जाणार होत्या उमापूरच्या रुक्मिणीबाई, मालनबाईंच्या विहीणबाई.

मालनबाईंनी बातमी फोनवर हसून ऐकली. पण त्या रात्री त्यांना घास गोड लागला नाही. पोरगा आपला, आणि त्याच्या घरी कायमची राहायला जाणार पोरीची आई. हा कसला न्याय, असं त्यांनी नवऱ्याला विचारलं. जालिंदर म्हणाले, सरपंचपदाचं आरक्षणसुद्धा चिठ्ठी काढूनच ठरतं, तिथं कोण न्याय विचारतं?

मालनबाईंचं समाधान झालं नाही. त्यांनी नवनाथला फोन लावला. रूपालीनं नाव मागं घ्यावं, म्हणजे आपला नंबर लागेल, असा त्यांचा हिशोब होता. नवनाथनं समजावलं की तसं होत नाही, ती जागा कुठल्यातरी तिसऱ्याच घराला जाईल. शिवाय दोघांच्या पगारावर सध्या एकाच बाजूची जबाबदारी घेता येते, आणि नवीन नावं घेणं तर बंदच झालंय.

"जाऊ दे तिसऱ्याच्या घरात," मालनबाई म्हणाल्या. "पर ती नगं."

फोन स्पीकरवर होता. रूपालीनं ते ऐकलं आणि ती तिथून उठून गेली.

आठवड्याभरात रुक्मिणीबाई एसटीनं नेकनूरला आल्या. त्यांना रूपाली एकुलती, नवरा जाऊनही बरीच वर्षं झालेली. मालनबाईंनी जयभीम घातला, पाणी दिलं, चहा ठेवला, पण समोर बसल्या नाहीत. शेवटी रुक्मिणीबाईंनीच विषय काढला.

"इहीणबाई, तुमाला मालक हायेत. धाकटी लेक बीडात हाय, हाक मारली की येती. माज्या घरात बोलायला मीच आन् ऐकायलाबी मीच. तरी तुमी नगं म्हणलात तर मी न्हाई जात. पर तोंडानं म्हणा."

मालनबाईंना 'नको' म्हणवलं नाही. 'जा' असंही म्हणवलं नाही. साखर किती घालू, एवढंच त्यांनी विचारलं.

रुक्मिणीबाई कॅनडाला गेल्या. मग व्हिडिओ कॉलवर नात आरोही त्यांच्याच मांडीवर दिसू लागली. बोलता बोलता विहीणबाई पोरीची वेणी घालायच्या, आणि मालनबाईंचं लक्ष त्या हातांवरून हलायचं नाही. पोरगी त्यांना आजी म्हणायची आणि मालनबाईंना फोनवाली आजी.

नवनाथनं दुसरा मार्ग सुचवला. आईबापांसाठी पाहुण्यांचा व्हिसा मिळतो, त्यावर काही वर्षं राहता येतं, पण मुदत संपली की परत यायचं.

"लेकाच्या घरात मी पाहुणी, आन् ती घरची?" मालनबाई म्हणाल्या, आणि त्यांनी साफ नकार दिला.

जालिंदरनी मात्र आपला व्हिसा काढला आणि ते गेले. पहिल्याच कॉलवर ते ताटावर बसलेले दिसले. वाढत होत्या रुक्मिणीबाई. भाकरी कशी झालीय, असं मालनबाईंनी नवऱ्याला विचारलं.

"तुज्यासारखी न्हाई," जालिंदर म्हणाले, "पर चांगली हाय." आणि त्यांनी आणखी अर्धी मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मालनबाईंनी फोन करून नवनाथला झोपेतून उठवलं.

"माजाबी व्हिसा काढ. पाहुणी तर पाहुणी."

काढतो, पण काही महिने लागतील, असं तो म्हणाला. त्यांनी विचारलं, मला खोली कुठली? नवनाथ जरा अडखळला. घर लहान होतं. जालिंदर हॉलमध्ये झोपत होते.

"दोगी आज्या एकाच खोलीत, माय."



"खिडकीकडची बाजू माजी," मालनबाई म्हणाल्या. "तिला आत्ताच सांगून ठेव."