पालथी राख

खंडेनवमीला आमच्या भूशास्त्र विभागात सगळ्या यंत्रांची पूजा होते. होऊ दे, माझं काही म्हणणं नाही. पण माझ्या गाळाच्या पाइपनं कुणाचं काय घोडं मारलं होतं?

नदीकाठी पाइप ठोकून काढलेला तो गाळ म्हणजे माझी पीएचडी. त्यात दूरच्या एखाद्या ज्वालामुखीची राख सापडली तर प्रबंध, नाहीतर बसा घरी. वरचं टोक कळावं म्हणून मी पाइपवर मार्करनं बाण काढला होता. मी अजिंठ्याला खालाकडं, म्हणजे मावशीकडं गेले, तेवढ्यात विभागप्रमुख काकासाहेब सरांनी पाइप स्पिरिटनं लख्ख पुसून घेतला, हळदीकुंकवाची बोटं ओढली आणि पेढे वाटले.

बाण गेला!

"सर, आता वर कुठलं आन् खाली कुठलं?"

"अगं, माती ती मातीच. इकडनं काय आन् तिकडनं काय!"

भूशास्त्राचा प्रोफेसर हे बोलतो! असा संताप आला, पण प्रबंधावर सही त्यांचीच लागते.

पाइप न कापता आतलं बघायचं तर एक्स-रे. विभागाचं मशीन उद्घाटनापासून बंद. म्हणून सरांना घेऊन मोईनभाईंच्या एक्स-रे सेंटरात गेले. बाकावर पाय मोडलेले, खोकणारे, आणि मांडीवर पाइप घेतलेली मी.

"पेशंट किधर है?" मोईनभाईंनी विचारलं. मी पाइप पुढं केला. "या अल्लाह," म्हणाले, पण फोटो काढला.

एका टोकाजवळ पांढरा पट्टा. राख! माझे डोळेच भरून आले. सरांनी ते टोक खाली धरलं आणि तिथूनच पत्रकाराला फोन लावला. "तळाशी सापडली, म्हणजे देशातली सगळ्यात जुनी!" दुसऱ्या दिवशी पेपरात सर झळकले.

घरी मी फोटो नीट बघितला. राख पडताना जड कण आधी बसतात, म्हणून तिची खालची कड रेघ मारल्यासारखी असते आणि वर ती मातीत विरत जाते. सरांनी धरलं तसं धरलं, तर सगळंच उलटं. म्हणजे राख तळाशी नव्हतीच, वरच्या टोकाजवळ होती. बाण पुसला, तरी राखेनंच दिशा सांगितली. मी आनंदानं ओरडलेच.

सरांना सांगितलं, तर ते मात्र तापले. "पेपरात आलंय, युसरा. राख आता खालीच राहील. नायतर सही नाय."

"ठेवते की, सर. पण बाहेरचे परीक्षक फोटो बघणार. चहा यायच्या आत त्यांना कळंल, आन् विचारतील, ही राख पालथी कुणी घातली?"

सरांचा चेहरा उतरला. पेनचं टोपण काढलं आणि सही केली.

पुढच्याच आठवड्यात नवी बातमी: 'एक्स-रेनं राखेची खरी जागा शोधली, काकासाहेबांचं आणखी एक यश.' विभागात शाल-श्रीफळ झालं. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीपण होते.

अब्बांनी चष्मा लावून बातमी शेवटपर्यंत वाचली, पान उलटून मागंही बघितलं.

"बेटा, यात तुझं नाव कुठंय?"

"प्रबंधावर आहे, अब्बा," म्हणाले, आणि मला रडूच कोसळलं.