कोमट वारा

"सिस्टर, हात धरा हितं आन् सांगा," रंभाजी मिस्त्री म्हणाले.

मी रुग्णवाहिकेत वाकून डॅशबोर्डखालच्या जाळीपुढे हात धरला. वारा येत होता, पण कुणीतरी झोपेत फुंकर घालावी तसा. कोमट.

"हा हीटर आहे की पंखा? मला यातून बाळ न्यायचंय, मिस्त्री. लंगोट वाळवायचे नाहीत."

एरवी मी भांडखोर नाही, त्या सकाळी होते. त्र्याण्णव सालचा डिसेंबर, राजूरची थंडी, आणि आमच्या ट्रस्टच्या छोट्याशा दवाखान्यात पहाटे जन्मलेलं चौदाशे ग्रॅमचं पोर. त्याला काचेच्या पेटीत ठेवायला हवं होतं आणि पेटी होती संगमनेरला, दीड-दोन तासांवर. एवढ्याशा जिवाला स्वतःची ऊब धरता येत नाही. कापसात गुंडाळा, आजीच्या पोटाशी द्या, गाडीत गारठा असला की थोड्याच वेळात पाय निळे पडायला लागतात. गरम पाण्याची रबरी पिशवी आमच्याकडे एकच, तीही गळकी.

गाडी लष्कराच्या लिलावातली, कुठल्याशा बर्फाच्या मुलुखात राबून आलेली, म्हणून तिला हीटर. नगर जिल्ह्यात हीटरवाली गाडी म्हणजे आमचा केवढा तोरा! पण तो नावालाच चाले. शेवटी ड्रायव्हर छगनने फोनवर फोन करून रंभाजी मिस्त्रींना आदल्या संध्याकाळी नगरहून एसटीने आणवलं. सावेडीला त्यांचं गॅरेज होतं. चार वर्षांपूर्वी गाडी घेतली तेव्हा तिचं सगळं काम त्यांनीच केलं होतं. साठीचा माणूस, बोलणं मोजकं आणि लौकिक एकच: यांच्या हातची गाडी उन्हाळ्यात तापत नाही.

उजाडल्यापासून ते गाडीशी झटत होते. पंखा उघडून साफ केला. हीटरच्या नळ्या काढून उलटं पाणी मारलं, तांबडा गाळ निघाला. अडकलेली हवा काढली. दर वेळी "हात धरा सिस्टर", आणि दर वेळी तेच कोमट. आत दवाखान्यातल्या बाकावर बाळाची आजी बायडाबाई नातवाला छातीशी धरून बसली होती. समोरचा चहा तिने तोंडाला लावला नव्हता.

"बाई, कवा निघायचं?" तिने तिसऱ्यांदा विचारलं.

"आत्ताच," मीही तिसऱ्यांदा सांगितलं. मला रडू फुटायचं बाकी होतं.

बाहेर मिस्त्रींनी बॉनेटखाली हात घालून दोन नळ्या दोन मुठींत धरल्या होत्या. डोळे मिटलेले. मी नाडी बघते तेव्हा माझंही तोंड असंच होत असणार.

"एक आत जाती, एक भाईर येती. दोन्ही सारख्याच कोमट," ते म्हणाले. "म्हंजी पानी फिरतंय. पन पानीच तापंना."

"अर्धा तास इंजिन चालू हाय," छगन म्हणाला. मग मिस्त्रींची बाजू राखावी म्हणून माझ्याकडे वळला. "सिस्टर, मिस्त्रींचं काम लई भारी बरं का. चार वर्सं झाली, चैतात घाट चढलो, पन इंजिनच्या तापाचा काटा कवा वर गेला न्हाई. बगा की, आत्ताबी तळालाच हाय."

मिस्त्रींनी नळ्या सोडल्या. स्वतःचं कौतुक ऐकून इतकं उतरलेलं तोंड मी कुणाचं पाहिलं नव्हतं.

"व्हॉल," ते म्हणाले. "मीच काढलाय."

मग त्यांनी मला समजावलं. इंजिन गार असेपर्यंत त्यातलं पाणी पुढच्या रेडिएटरकडे जाऊ नये म्हणून एक झडप असते. पाणी तापलं की ती उघडते. आपल्याकडे ती अडकली तर भर उन्हात इंजिन उकळतं, म्हणून मिस्त्रीलोक ती काढूनच टाकतात. रंभाजींनी तीस वर्षं हाताखालून गेलेल्या प्रत्येक गाडीची काढली होती. आमच्या गाडीचीही काढली, कुणी न सांगता, आपला चांगुलपणा म्हणून. आता पाणी तापायच्या आतच रेडिएटरमध्ये जाऊन गार होत होतं.

"मग बसवा की."

"हितं कुठला मिळायचा? नगरावनं आनावा लागंल." त्यांनी रेडिएटरच्या जाळीवरून हात फिरवला. "पुठ्ठा हाय का? जाड?"

मी धावले. सलाइनचा खोका खाटेवर उपडा केला, बाटल्या घरंगळल्या त्या घरंगळू दिल्या. छगनने सुरीने खोका फाडला, मिस्त्रींनी तो रेडिएटरपुढे बसवला आणि मी चार बँडेजं आणली. गाठ मीच मारली. गाठ मारण्यात माझा हात धरणारं राजुरात कुणी नव्हतं.

"वारं न्हाई लागलं तर पानी तापंल," मिस्त्री म्हणाले. "पन लई तापलं तर इंजिन बसंल. मी संगं येतो. काट्याम्होरं बसतो."

तिघांची डोकी त्या काट्यावर वाकली. तो हलला. थोडा थांबला, पुन्हा हलला, आणि दहा मिनिटांनी मी जाळीपुढे हात धरला तर वारा गरम होता, चांगला गरम. मी खरंच उडी मारली. गणवेशातली बाई उडी मारते हे बघून बायडाबाई आपणहून उठून गाडीत येऊन बसली.

काय वाट होती ती! बाहेर रानावर दाट धुकं आणि आत आमच्या कपाळाला घाम. बायडाबाईने अंगावरची घोंगडी काढून ठेवली. मी सारखी बाळाचे तळवे चाचपत होते. गुलाबी. पुन्हा चाचपले, पुन्हा गुलाबी. वाटेतल्या अकोले गावाच्या अलीकडे काटा जास्तच चढला तेव्हा मिस्त्रींनी छगनला गाडी थांबवायला लावली, उतरून पुठ्ठ्याचा एक कोपरा दुमडला, धावत परत आले. तेवढ्यात बाळाने टाहो फोडला.

"रडतंय," मिस्त्री काट्यावरची नजर न काढता म्हणाले. "हे चांगलं का वाईट?"

"चांगलं," मी म्हणाले. "फार चांगलं."

संगमनेरच्या डॉक्टरांनी ताप मोजला, मान डोलावली आणि पोराला पेटीत ठेवलं. बायडाबाई तिथेच काचेला नाक लावून उभी राहिली. मी तरंगतच बाहेर आले. छगनने चहा आणला होता. मिस्त्रींनी कप बॉनेटवर ठेवला.

"सिस्टर, ह्या गाडीतनं अशी बारकी लेकरं आतापस्तोर किती नेली?"

"सहा. आजचं सातवं."

"समदी पोचली?"

छगन चहाकडे बघत राहिला. धीर द्यायला खोटं बोलणं नर्सला नवं नसतं. पण या माणसाने सकाळी, कुणी बोट दाखवायच्या आधी, मीच काढलाय म्हणून सांगितलं होतं.

"पाच पोचली," मी म्हणाले. "सहावं गेल्या पौषातलं. अकराशे ग्रॅमचंच होतं, मिस्त्री. गाडी गरम असती तरी जगलं असतं असं कुणी सांगू शकत नाही."

"पन गाडी गार हुती."

"हो," मी म्हणाले. "गार होती."

नगरची एसटी त्यांना तिथूनच मिळाली असती. ते गेले नाहीत. पुठ्ठ्याचं सैल झालेलं बँडेज पुन्हा आवळलं आणि पुढे येऊन बसले. परतीला गाडीत बाळ नव्हतं, तरी राजूर येईपर्यंत त्यांनी त्या काट्यावरची नजर काढली नाही.