मला इचारलं नाय

रोह्याचा पूल ओलांडला की अष्टमी गाव. तिथं अनिताच्या घरी दर रविवारी प्रार्थनासभा भरायची. शांती तिथं जायला लागली ती आदेश गेल्यावर. आदेश तिचा एकुलता मुलगा, पेणला कामाला होता. जिते गावाजवळ एका टेंपोनं त्याच्या मोटरसायकलला उडवलं आणि टेंपोवाला पळून गेला, तो पुढे पकडला गेला. पोरगा बराच वेळ जिवंत पडून होता, असं डॉक्टर म्हणाले होते. तो ‘बराच वेळ’ शांतीच्या डोक्यातून कधी गेलाच नाही. नवरा, दाजी, बोलेनासा झाला. मग ओळखीच्या अनितानं तिला हाताला धरून सभेला नेलं. चार लोकांत बसून शांती पहिल्यांदा मोकळेपणी रडली आणि तिथलीच झाली.

त्या रविवारी पास्टर साळव्यांनी एका नव्या माणसाला साक्ष द्यायला, म्हणजे देवानं आपल्याला कसं बदललं ते सांगायला, उभं केलं. अंगानं वाळलेला, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली.

“मी निकेश. पेणचा. दारू पिऊन टेंपो चालवत होतो. जित्याजवळ एका पोराला मारला नि पळालो. जेलात मला प्रभू भेटला. त्यानं मला माफ केलं.”

मागून कुणीतरी ‘आमेन’ म्हणालं. कोर्टात दाजी एकटाच जायचा. शांतीनं या माणसाचं तोंड कधी पाहिलं नव्हतं, पण नाव तिला पाठ होतं. ती उठली आणि बाहेर ओट्यावर आली.

आत अनिताचा आवाज चढला. “याला आधी भायेर काढा! हिचा पोरगा होता तो!”

पास्टर धावतच बाहेर आले. त्यांचा चेहरा उतरला होता. “ताई, मला माहीत नव्हतं. त्याचा गुन्हा ठाऊक होता, पण तो कुठं घडला नि मुलगा तुमचा, हे नाही.”

“देवानं त्याला माफ केलं,” शांती म्हणाली. “मला इचारलं नाय.”

“नाही विचारलं.”

“पोरगा माझा. आणि माफी देव कशी काय देतो?”

पास्टर तिच्याशेजारी ओट्यावर टेकले. “तुमची माफी तुमच्याकडेच आहे, ताई. ती तुमच्याकडून कुणी ओढून घेणार नाही. पण देव माणसं निवडून घेत नाही. जो येतो त्याला घेतो. निकेशला दारातून परत पाठवायचं, तर मलाही आत बसता येणार नाही.”

“तुमी काय कुणाला मारलाय?”

“मारलं नाही, ताई. पण मीही माफी मागूनच आत आलोय.” शांतीला स्वतःचाच पहिला रविवार आठवला. टेंपोवाल्याची पोरं मरू देत, अशी तिनं भर सभेत ओरडून प्रार्थना केली होती. तेव्हा आधी मन साफ करून ये, असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. पास्टरांनी नुसता डोक्यावर हात ठेवला होता. ही आठवण नेमकी आताच यावी, याचाही तिला राग आला.

ती आत गेली. निकेश दाराशी चपला शोधत होता.

“तू टेंपोतून खाली उतरला होतास?” तिनं विचारलं.

त्याला कळलं ही कोण ते. “व्हय. उतरलो होतो. त्यानं माझा हात धरला. मी सोडवून घेतला.”

शांतीला त्याच्या हाताकडे बघायचं नव्हतं, तरी तिनं बघितलं. साधा हात होता, नखात ऑइल अडकलेलं.

“जातो मी,” तो म्हणाला. “परत नाय येणार.”

“बस,” शांती म्हणाली. आवाज तिचा तिलाच कडू लागला. “मी तुला माफ नाय केला. पण उठवणारी मी कोण? मलापण कुणी उठवलं नव्हतं.”

तो भिंतीशी बसला. प्रभुभोजनाचं, येशूच्या आठवणीत वाटायच्या भाकरीचं, ताट फिरलं. निकेशनं भाकरीचा तुकडा घेतला आणि तोंडावर हात दाबून रडू लागला. ताट शांतीसमोर आलं तेव्हा तिनं ते तसंच पुढे दिलं. त्या दिवशी तिच्याच्यानं घास घेववला नाही.

घरी दाजी जेवायला बसला होता. लपवून चालण्यासारखं नव्हतं, गाव लहान. तिनं त्याला सगळं सांगितलं, हाताचंसुद्धा.

दाजीनं ताट बाजूला सारलं. “आणि तू त्याला बस म्हणालीस.”

“व्हय.”

“तुझ्या देवाला आपला पोरगा कोणी लागत नव्हता काय गो?”

शांती त्याच्याशेजारी जमिनीवर बसली. इतक्या दिवसांत दाजीनं आदेशचं नाव काढलं नव्हतं. आता तो बोलायला लागला, आधी शिव्या, मग पोराच्या लहानपणाचं काहीबाही. शांती ऐकत राहिली. पुढच्या रविवारी अष्टमीला जायचं की नाही, ते तिला अजून ठरवता येत नव्हतं.