गोगलगायीचा डंपर

चार नंबरच्या नोझलमध्ये पाच नंबरची सुई होती.

खाणीच्या वर्कशॉपमधल्या नोझलकाकांनी ती पुन्हा पुसली, चष्मा कपाळावर ढकलला आणि डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. आकडा त्यांच्याच हातचा होता. नवे नोझल खोक्यातून काढले की प्रत्येकाच्या बॉडीवर आणि आतल्या सुईवर एकच आकडा कोरायचा, ही त्यांची बत्तीस वर्षांची शिस्त. बॉडी आणि सुई कारखान्यात एकमेकींवर घासूनच तयार होतात. एकीची सुई दुसरीत घातली तर बसल्यासारखी वाटते, पण बसत नाही. मग डिझेलचा फवारा उडायच्या ऐवजी थेंब गळतात, ते पिस्टनवर जळत राहतात आणि एक दिवस पिस्टनला भोक पडतं. महिनाभर बंद पडून, आता समोर खोलून ठेवलेल्या डंपरच्या चौथ्या पिस्टनला पडलं होतं तसं.

"काय काका, काय निघालं?" फोरमनने दारातूनच विचारलं.

काकांची मूठ आपोआप मिटली. "काय निघणार? जळलंय सगळं."

"म्हणजे मी लिहिलं तेच. गाडी काळा धूर ओकत होती, तरी दोन दिवस दामटली त्याने." फोरमन समाधानाने निघून गेला.

ज्याने दामटली म्हणत होते, त्या ड्रायव्हरला खाणीवर सगळे गोगलगाय म्हणत. उतारावरून तो दगड भरलेली गाडी इतकी जपून आणायचा की मागच्यांचे हात हॉर्न वाजवून दुखायचे. एकोणीस वर्षांत त्याच्या गाडीला साधा ओरखडा नव्हता. अशा माणसावर निष्काळजीपणाचा ठपका म्हणजे विनोदच, पण फोरमनसमोर हसायची कोणाची छाती होती? गोगलगायीकडून गाडी काढून घेतली आणि त्याला इतरांचे डंपर धुवायला रॅम्पवर उभं केलं.

ते नोझल बसवले तो दिवस काकांना लख्ख आठवत होता. काकूंचा फोन आला होता, लेक बाळंतपणानंतर पहिल्यांदाच घरी येतेय, चारच्या आत या. एका वेळी एकच नोझल धुणाऱ्या काकांनी त्या दिवशी सहाच्या सहा एका ट्रेमध्ये ओतले. आकडे कोरलेले होते, फक्त जुळवताना पाहिले नाहीत. सहापैकी तीन टेस्टरला लावून पाहिले, उरलेले 'ठीकच असणार' म्हणून इंजिनात चढवले आणि साडेतीनला गेटाबाहेर.

एवढ्यावरही भागलं असतं. दुसऱ्या दिवशी गोगलगाय स्वतः विचारायला आला होता. "काका, धूर काळा येतोय. इंजिनही ठकठक करतंय. जरा बघता का?"

काका तेव्हा मोबाइलवर नातीचे फोटो दाखवत होते. "अरे, नवे नोझल आहेत, बसायला वेळ लागतो. चालव बिनधास्त."

त्याने चालवली.

सुई हाती लागली त्या संध्याकाळी काका घरी गेले, तर लेकीने नातीला पुढे केलं. "घ्या ना, बाबा."

"नको. हाताला डिझेलचा वास आहे."

"दोनदा साबण लावलात की आत्ताच!" काकू म्हणाल्या.

"जात नाही तो."

"वा! मी लहान होते तेव्हा बरा आडवा नाही आला वास," लेक हसली. काका हसले नाहीत. खरं सांगायचं तर वासाचा काही संबंधच नव्हता. या पोरीला बघायच्या घाईत आपण दुसऱ्याच्या पोटावर पाय दिला, ही गोष्ट त्यांना त्या इवल्याशा तोंडाकडे बघून सहन होईना. ते गॅलरीत जाऊन उभे राहिले.

सकाळी ते आधी रॅम्पवर गेले. गोगलगाय गमबूट घालून डंपरच्या चाकांवर पाणी मारत होता. धुतानाही घाई नाही, एकेक नट बोटाने चाचपून पुढे.

"फोरमनच्या ठपक्याच्या कागदावर सही का केलीस रे?" काकांनी एकदम विचारलं.

"मग काय करणार, काका? फोरमन म्हणाले, पंप चांगला, नोझल नवे, तर चुकलं कोणाचं? मीही खूप विचार केला. नोझल तुम्ही बसवलेले. तुमचं चुकणार नाही. म्हणजे माझंच काहीतरी चुकलं असणार." तो ओशाळं हसला. "घरीही तेच सांगितलं."

त्याने चार शिव्या हासडल्या असत्या तर काकांनी त्या आनंदाने झेलल्या असत्या. हा विश्वास मात्र त्यांना झेलवेना.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "चारची सुई पाचमध्ये गेली, पाचची चारमध्ये. टेस्टही केली नाही. आणि तू विचारायला आलास तेव्हा मी उठलोसुद्धा नाही."

गोगलगायीने जाऊन पाणी बंद केलं. परत येऊन विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"काल सकाळी."

"काल फोरमनला काय सांगितलंत?"

"जळलंय म्हणून."

त्याने मान हलवली. "महिना झाला, मी मनातल्या मनात तोच उतार उतरतोय. कुठे गिअर चुकला, कुठे आधी थांबायला हवं होतं. बायको म्हणते, झोपेतही पाय हलतात तुमचे." एवढं बोलून त्याने पाइप पुन्हा उचलला.

फोरमनने ऐकून कपाळाला हात लावला. "काका, चार महिने राहिलेत तुमचे. सन्मानाने जा की. तो काय, सावलीत गाड्या धुतोय, बरा आहे."

काकांनी दोन्ही सुया त्याच्या टेबलावर ठेवल्या आणि कागद मागून घेतला. सगळं स्वतःच्या अक्षरात लिहिलं. विचारायला आलेल्या ड्रायव्हरला आपण परत पाठवलं, हेही.

काकांना खरमरीत पत्र मिळालं, त्याची एक प्रत सूचनाफलकावर लागली. गोगलगायीला नव्या इंजिनासकट त्याचा डंपर परत मिळाला. भेटला की तो रामराम करायचा, नातीची चौकशी करायचा. सगळं मिटलं, असं काकूंना वाटलं आणि काकांनी वाटू दिलं.

तीन महिन्यांनी तो डंपर नोझलच्या तपासणीला आला. एरवी गाडी आत लावली की गोगलगाय टायरच्या सावलीत ताणून द्यायचा आणि काम संपल्यावर त्याला हलवून उठवावं लागायचं. आज तो काकांच्या मागोमाग खोलीत आला.

"पड जा जरा," काका म्हणाले. "तासभर लागेल."

"नको. इथेच थांबतो."

बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून तर काकांना जास्त लागलं. त्यांनी पायाने स्टूल पुढे सारलं. तो बसला नाही. हात मागे बांधून, थोडा वाकून, त्यांच्या बोटांकडे बघत उभा राहिला.

त्याचं बरोबरच होतं. काकांनी एक नोझल उचलला, एकच, आणि टेबलावरचा दिवा त्याला नीट दिसावं म्हणून त्याच्या बाजूला वळवला.