लिलावातला एकच हात

आमच्या घरात तोंड माझं चालतं आणि हट्ट माझ्या नवऱ्याचा, देवदत्तचा. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर मीच कजाग आहे असं वाटायचं. आहे म्हणा थोडी.

सिंगापूरला आल्यापासून आम्ही भाड्याच्या तीन फ्लॅटमधून बिऱ्हाड हलवलं होतं. दर वेळी मालकाला काहीतरी सुचायचं. एकाच्या मुलाचं लग्न ठरलं, एकाने फ्लॅटच विकला, तिसऱ्याला आमच्या फोडणीचा वास सोसेना. खोकी बांधून बांधून माझं डोकं फिरलं आणि २०१६ साली मी जाहीर केलं, "आता स्वतःचं घर. नाहीतर मी चालले पुण्याला." नवऱ्याची नोकरी इथे, लेकीची, जाईची शाळा इथे, म्हणजे धमकी पोकळच होती, पण लागू पडली.

बाजारभावाने घेणं झेपणार नव्हतं. मग मला बँकेच्या घरांचा शोध लागला. कर्जाचे हप्ते थकले की बँक घर ताब्यात घेते आणि लिलावात काढते. हौगांग भागात एका जुन्या कॉन्डोतला, म्हणजे खासगी सोसायटीतला, फ्लॅट होता, मोठ्या स्वयंपाकघराचा. दोन लिलावांत कुणी बोलीच लावली नाही म्हणून बँकेने किंमत उतरवली होती. तिसऱ्या लिलावात, हॉटेलच्या त्या थंडगार हॉलमध्ये, मी हात वर केला. लिलाववाल्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, जवळजवळ विनवण्या केल्या. दुसरा हात काही वर येईना. हातोडा पडला आणि मी भर हॉलमध्ये "अगं बाई!" म्हणून ओरडले.

परत येताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, देवदत्तने विषय काढला.

"उल्का, कुणाचं तरी घर होतं गं ते."

"होतं. आता आपलं आहे."

"सुखासुखी कोण घर सोडतं? तळतळाट लागतो अशाने. त्या माणसांनी मनापासून 'राहा' म्हटल्याशिवाय मी आत पाऊल टाकणार नाही."

मी समजावलं, मग भांडले, मग अबोला धरला. "घर बँकेने काढून घेतलं, आपण नाही! तळतळाट बँकेला लागू दे!" हा आपला शांतपणे सगळं ऐकून घ्यायचा आणि जागचा हलायचा नाही. ऑफिसात शंभर माणसांवर मॅनेजर, आणि घाबरतो कशाला, तर तळतळाटाला! किल्ल्या हातात आल्या, भाड्याच्या फ्लॅटची मुदत संपत आली, आणि माझं हक्काचं घर कुलपात. माझा नुसता तिळपापड झाला.

शेवटी मीच कॉन्डोच्या वॉचमन अंकलना गाठलं. त्यांनी माझ्यासमोरच जुन्या मालकीणबाईंना फोन लावला. मिसेस टे त्यांचं नाव. मुलाचा धंदा बुडाला, त्यात घर गेलं, आता त्या सेंगकांगला मुलीकडे राहत होत्या. भेटायला या म्हणाल्या.

रविवारी आम्ही तिघं निघालो. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून देवदत्तने लिटिल इंडियातून मिठाई आणली होती. त्यांच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये मी सहज झाकण उघडून पाहिलं.

"पेढे?"

"मग काय न्यायचं?"

"अरे, घर घेतलं की पेढे वाटतो आपण! आणि ते कुणाला देतोयस, जिचं घर गेलं तिला? अक्कल गहाण ठेवलीस का?"

देवदत्तचा चेहरा पांढराफटक पडला. "लपव, लपव," म्हणत मी लिफ्टमधून बाहेर पडताना खोका जाईकडे दिला आणि तेवढ्यात त्यांच्या घराचं दार उघडलं. समोर सत्तरीच्या, ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या बाई. जाईने खोका सरळ त्यांच्यापुढे धरला आणि शाळेत शिकलेल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आंटी, वी बॉट युवर हाऊस. दिस वन न्यू हाऊस स्वीट, ला!"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

मिसेस टे यांनी खोका घेतला नाही. आम्हाला बसवलं, बार्लीचं पाणी दिलं. मग त्यांच्या तुटक इंग्रजीत मला म्हणाल्या, "लिलावाला तू होतीस?"

"हो."

"आधीच्या दोन्ही लिलावांना मी गेले होते. शेवटच्या रांगेत बसले होते. माझं घर पुकारलं आणि एकही हात वर झाला नाही. घर गेलं, ते गेलंच. पण इतकी वर्षं मी ते झाडलं, पुसलं, त्यात मुलं वाढवली, आणि कुणालाच नको झालं? तिसऱ्यांदा जायचा धीर नाही झाला." मग त्यांनी विचारलं, "किती हात वर होते?"

आपल्याला कसं कुणी आडवं आलं नाही, हे मी गावभर मिरवत होते. आत्ताही ते अगदी जिभेवर होतं. पण बाईंनी मांडीवर हात घट्ट आवळून धरले होते. मला फार वाईट वाटलं.

"पुष्कळ," मी म्हटलं. "हॉल भरला होता, आंटी. एक जोडपं तर हटायलाच तयार नव्हतं."

"बट आई, यू सेड नोबडी..." जाईने सुरुवात केली. देवदत्तने पेढा उचलून तिच्या तोंडात कोंबला. खोटं बोलण्याची ज्याला चीड, तो माझा नवरा गंभीरपणे म्हणाला, "फार चुरस झाली. मला वाटलं, गेलं घर हातचं!"

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या चक्क हसायला लागल्या. खोका ओढून त्यांनी एक पेढा खाल्ला, "फार गोड," म्हणून तक्रार केली आणि दुसरा घेतला. "म्हणजे तुम्हाला खरंच हवं होतं," त्या म्हणाल्या. "राहा. छान राहा."

मी बोलून गेले, "आंटी, आमच्यात नव्या घरात पहिलं पाऊल मोठ्या माणसाने टाकायची पद्धत आहे. तुम्ही याल?"

देवदत्त माझ्याकडे बघतच राहिला. असली काही पद्धत आमच्यात नाही.

पुढच्या रविवारी त्या भलामोठा अननस घेऊन हजर झाल्या. नव्या घरात तो घरंगळत सोडला की भरभराट होते, ही मात्र त्यांची खरी पद्धत. आमचा आवाज ऐकून शेजारच्या बाई बाहेर आल्या. इतके महिने ते बंद दार ज्यांनी रोज पाहिलं, त्या ह्याच.

"ऐकलंस का?" मिसेस टे त्यांना म्हणाल्या. "माझ्या घरासाठी लोक भांडले! हॉलमध्ये उभं राहायला जागा नव्हती!"

आता आपलं बिंग फुटतंय, मी मनात म्हटलं. शेजारणीने माझ्याकडे पाहिलं, देवदत्तकडे पाहिलं.

"ऐकलं तर!" शेजारीणबाई म्हणाल्या. "सगळ्या बिल्डिंगने ऐकलं."

मिसेस टे यांनी दारातून अननस आत घरंगळत सोडला आणि ताठ मानेने त्याच्यामागून गेल्या. त्यांच्यामागून देवदत्त गेला, मला न विचारता.