मंद दिव्याची शिट्टी

माझी बायको विमल गेल्याचं मला फोनवर कळलं. भंडाऱ्याच्या दवाखान्यातून मी तिचे कपडे घ्यायला लाखनीला घरी आलो होतो. मुलगा अश्विन तिकडून एवढंच म्हणाला, "बाबा, कपडे नका आणू."

मी आयुष्यभर कारखान्यात पॉवर सप्लाय डिझाइन केले. निवृत्त झाल्यावर घरीच एलईडीचे ड्रायव्हर, म्हणजे दिव्याला वीज पुरवणारी सर्किटं, बनवू लागलो. विहाराच्या अभ्यासिकेसाठी मंद करता येतील असे टेबलदिवे मी कबूल केले होते. माझ्या सर्किटमध्ये वीज सतत चालू-बंद करणारा एक छोटा स्विच असतो; त्याच्यावरचं व्होल्टेज आधी शून्यावर येतं, मगच तो चालू होतो. त्यामुळे तो तापत नाही. पण दिवा अगदी मंद केला की सर्किट थांबून थांबून चालतं आणि कॉइल बारीक शिट्टी मारते. ती घालवायला गेलं की स्विच तापतो. दोन्हींच्या मधली जागा शोधावी लागते.

ती शिट्टी माझ्या कानांना आता ऐकू येत नाही. विमलला यायची. ती तांदूळ निवडत बसायची, मी सर्किटमधले भाग बदलत जायचो.

"आता?"

"मच्छरावानी करून राह्यला."

"आता?"

"अजून टोचते. एवढे शिकले न् एक दिवा चूप नाही करता येत तुमाले?"

ती गेल्यावर मी अंदाजानेच एक दिवा पुरा केला. सून रीना म्हणाली, "छान आहे, बाबा." अभ्यासिका सांभाळणारा खुशाल तो घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "एक नंबर, मंगरूभाऊ. बाकीचे बी असेच द्या."

आठवड्याने मी सहज अभ्यासिकेत गेलो. माझा दिवा बंद होता. गुंजन नावाची मुलगी भरतीच्या परीक्षेची पुस्तकं घेऊन दूर ट्यूबलाइटखाली बसली होती.

"बेटा, दिवा काहून बंद?"

"चांगला आहे, काका." ती खुशालकडे पाहू लागली.

"आवाज येते का त्याचा?"

"थोडासा. डोकं दुखते."

मी खुशालकडे वळलो. "मले काहून नाही सांगितलं?"

"तुमच्या घरी असं झालं, भाऊ. अशात खोट काढाले कोण येईल?"

मी दिवा काखेत धरून घरी आणला. रीनाला विचारलं, "खरं सांग. शिट्टी वाजत होती?"

ती भांडी घासत होती. नळ बंद केला. "वाजत होती, बाबा."

"मग?"

"तुम्ही इतक्या दिवसांनी काही हातात घेतलं होतं."

मी मोबाइलमध्ये आवाज मोजायचं ॲप घेतलं. त्यात शिट्टीची रेघ दिसते. ती टोचते की नाही, हे दिसत नाही. रीनाला समोर बसवलं. तिसऱ्या बदलानंतर ती म्हणाली, "आता बरा आहे." तिच्या चेहऱ्यावरून मला कळेना, दिवा बरा आहे की मला बरं वाटावं म्हणून म्हणते. स्विचला हात लावला तर चटका बसला. म्हणजे तो बदलही कामाचा नव्हता.

गुंजनची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. ती अजून ट्यूबलाइटखालीच बसते. दिवे माझ्या टेबलावर उघडे पडले आहेत. मंद उजेडातली शिट्टी अजून गेलेली नाही.